जुगाड केलेला अ‍ॅम्प्लिफायर बोंबलला तं आधी काय बघायचं

कानबाईच्या रात्रीची गोष्ट, आमच्याकडे अमळनेरला. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. घरचा जुना होम थिएटर आहे, त्याचं मूळ बोर्ड कधीच गेलं, आता मी त्यात टीडीए २०३० (आवाज मोठा करणारा आयसी) चे तीन बोर्ड टाकून चालवतो. त्याला संध्याकाळी सहाला ब्लूटूथचं पॅनल बसवायला घेतलं, म्हटलं रात्रभर जागरण आहे, बायांना मोबाईलवरून गाणी लावता येतील. पॅनलला ५ व्होल्ट लागतात म्हणून ७८०५, म्हणजे ५ व्होल्ट काढून देणारा रेग्युलेटर, घेतला, तो तापतो म्हणून त्याला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा) पाहिजे, आणि हीटसिंक तं आतमध्ये होताच चांगला मोठा, त्याच्यावरच एक भोक पाडून कसला. स्विच दाबला, फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. मग मी दोन २०३० बदलले, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) बदलला, फिल्टरचे कंडेन्सर काढून मीटरवर धरले, नऊ वाजले तरी तेच. मामा ओट्यावर बसून बघत होते, त्यांना यातलं काहीच कळत नाही, ते फक्त एवढं बोलले, "आज काय नवं बसाडं रे तू त्यामा?"

झालं. तिथेच ट्यूब पेटली. २०३० च्या पाठीला जी पत्र्याची पट्टी असते ती आतून तीन नंबरच्या पायाला जोडलेली असते, म्हणजे मायनस सप्लायला. आणि ७८०५ ची पट्टी असते ग्राउंडला. दोघांना मी एकाच अ‍ॅल्युमिनियमवर उघडं कसलं, म्हणजे मायनस १७ व्होल्ट आणि ग्राउंड सरळ शॉर्ट. फ्यूज उडणार नाही तं काय होणार. ७८०५ खाली वीज अडवणारा मायकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश टाकला, पाच मिनिटांचं काम, सेट चालू. तीन तास आणि दोन चांगले आयसी गेले ते गेले.

म्हणून कंपनीच्या सेटचा फॉल्ट शोधायची पद्धत वेगळी आणि आपण घरी उघडून बदल केलेल्या सेटची वेगळी. कंपनीच्या सेटमध्ये माल जुना होतो, कंडेन्सर सुकतो, पट्टा तुटतो. आपल्या सेटमध्ये फॉल्ट बऱ्याचदा तिथेच असतो जिथे आपला हात शेवटचा गेला होता. बदल केल्यावर लगेच बिघडलं असेल तर बाकी काही न बघता तो बदल उलटा करा, पॅनल काढा, जुनी वायर परत लावा, आणि आधीसारखं चालतंय का बघा. चाललं तर निम्मा फॉल्ट सापडला. यासाठी एक सवय लावून घ्या, उघडल्या उघडल्या मोबाईलने चार फोटो काढायचे, हात लावायच्या आधी. मी आता प्रत्येक वायरला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेनने लिहितो पण, घरचे हसतात, हसू द्या.

आता सामान काय लागतं. दोन-तीनशे रुपयांचं डिजिटल मीटर, सोल्डरिंग आयर्न, आणि सिरीज बोर्ड. सिरीज बोर्ड म्हणजे ज्या सॉकेटमध्ये सेट लावायचा त्याच्या फेजच्या वायरीत एक साधा पिवळा बल्ब मधे घालायचा, ६० किंवा १०० वॅटचा, तारवाला. एलईडी बल्ब चालत नाही, तारवालाच पाहिजे, आता दुकानात सहज मिळत नाही पण जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारलं तर मागून कुठून तरी काढून देतात. ही एक गोष्ट माझ्याकडे त्या रात्री असती तर एकही फ्यूज उडाला नसता. सेट लावला की बल्ब एकदा चमकतो, कारण रिकामे कंडेन्सर भरतात, आणि मग मंद होतो किंवा विझतो, म्हणजे बरं आहे. बल्ब चमकला आणि चमकतच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बच सगळा करंट अडवून धरतो म्हणून काही जळत नाही, तुम्ही शांतपणे शोधत बसा. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या, म्हणजे कमी व्होल्टच्या बाजूच्या, वायरी सोडवा, बल्ब विझला तर ट्रान्सफॉर्मर चांगला आहे आणि भानगड पुढे आहे, तरी चमकतोय तर ट्रान्सफॉर्मरच गेला. मग फक्त ब्रिज आणि कंडेन्सर जोडा, बघा. मग एक बोर्ड, बघा. मग दुसरा. ज्याला जोडल्यावर बल्ब पेटला तो चोर. एसएमपीएसवर (मोबाईलच्या चार्जरसारखा सप्लाय) चालणाऱ्या सेटला मात्र ही युक्ती नीट लागत नाही, बल्ब लुकलुकत राहतो आणि सेट चालू-बंद होतो, तेव्हा घाबरू नका.

जिवाचं पण सांगून ठेवतो, एकदाच. २३० व्होल्ट आत येतात ती जागा, म्हणजे स्विच, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मरची २३० ची बाजू (प्रायमरी), तिथे उघडी वायर ठेवू नका, चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते, स्लीव्ह टाका. ओल्या फरशीवर अनवाणी बसून सेट उघडू नका. पिन काढली तरी मोठे कंडेन्सर भरलेले असतात, ५२०० नंबरच्या ट्रान्झिस्टरवाल्या मोठ्या बोर्डाला ३५-४० व्होल्टच्या दोन बाजू असतात, ते पेचकस लावून ठणकन शॉर्ट करायची जी पद्धत आहे ना ती सोडा, कंडेन्सर पण खराब होतो आणि पेचकसाचं टोक पण उडतं. १०० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर लावून दोन-तीन सेकंद धरा किंवा तोच पिवळा बल्ब दोन वायरींनी लावा, उतरून जातं. आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारे जे आहेत त्यांना काय सांगावं. १२-०-१२ चा (मधली वायर शून्याची, दोन्ही टोकांना १२-१२ व्होल्ट) ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे १२० व्हीए, प्रायमरीला अर्धा अँपिअरच्या थोडं वर करंट लागतो, १ अँपिअरचा स्लो ब्लो फ्यूज पुरतो. दहा रुपयांच्या आत मिळणारी वस्तू आहे.

सेट पूर्ण मेलेला असेल, लाईट पण नाही आवाज पण नाही, तर ते सगळ्यात सोपं. मीटर घेऊन रस्त्याने चालत जायचं फक्त. पिन काढून कॉर्डची कंटिन्युटी (वायर आतून अखंड आहे का), मग स्विच, मग फ्यूज, मग प्रायमरीचा रेझिस्टन्स, जो काही ओहम दाखवेल, काहीच दाखवत नसेल तर प्रायमरी ओपन. काही ट्रान्सफॉर्मरमध्ये कागदाच्या आत थर्मल फ्यूज असतो तो गेलेला असतो. मग चालू करून सेकंडरीचे एसी, मग ब्रिजनंतरचे डीसी, मग ७८०५ चे ५ व्होल्ट. कुठे थांबलं ते कळतं. यात जास्त सांगण्यासारखं काही नाही.

डीसी मोजताना मात्र दोन्ही बाजू मोजा, प्लस ते ग्राउंड आणि मायनस ते ग्राउंड. १२-०-१२ ला साधारण १६-१७ च्या आसपास यायला पाहिजे दोन्हीकडे, कारण १२ हा एसीचा आकडा आहे, त्याला १.४१ ने गुणा आणि डायोडचा थोडा वजा करा. माझ्याकडे एका मित्राचा सेट आला होता, तक्रार अशी की हळू आवाजात मस्त वाजतो, जरा वाढवला की बास फाटतो, त्याने स्पीकर बदलून झाला होता, बोर्ड बदलून झालं होतं. मी मीटर लावलं तर एकीकडे २४ आणि दुसरीकडे १०. पहिल्यांदा वाटलं ब्रिजचा डायोड गेला. मग बेरीज केली, ३४, म्हणजे एकूण व्होल्टेज बरोबर आहे, फक्त मधला बिंदू सरकलाय. मधला बिंदू कोण धरून ठेवतो, ट्रान्सफॉर्मरची शून्याची वायर. ती वायर सोल्डरवर बसलेली दिसत होती, चकचकीत होती, बोटाने हलवली तर हलली पण नाही, पण पक्कडने धरून जरा ओढली तर अख्खी बाहेर आली, खाली काळी. ड्राय सोल्डर. आतमध्ये वार्निश खरवडलंच नव्हतं, त्यावरच सोल्डर ओतलं होतं. तार ब्लेडने खरवडून, फ्लक्स लावून, परत टाका घातला, १६.८ आणि १६.७. बोर्डावरचे कंडेन्सर २५ व्होल्टचे होते, एकावर २४ बसत होते, आणखी काही दिवस चालवला असता तर तो फुगला असता. मित्राने जे जुनं बोर्ड फेकलं होतं ते बिचारं चांगलंच होतं.

व्होल्टेजवरून आपल्याकडची एक गोष्ट. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, १७०-१८० होतं, तेव्हा तुमच्या १२-०-१२ मधून १७ च्या ऐवजी १२ च्या आसपास डीसी येतं, आणि मग आवाज वाढवला की चिरकतो, लोक म्हणतात आयसी गेला. आयसी नाही गेला, सकाळी परत वाजवून बघा. उलटं पण होतं, रात्री लोड उतरला की २५० च्या वर जातं, मग तोच ट्रान्सफॉर्मर १८ च्या वर डीसी देतो, आणि साध्या टीडीए २०३० ची कमाल मर्यादा आहे प्लस-मायनस १८. म्हणजे १२-०-१२ वर २०३० आधीच काठावर बसलेला आहे. नुसत्या आकड्यात नाव सारखं दिसतं पण २०३०ए घेतला तर तो २२ पर्यंत सोसतो, तो घ्या. ४४४० वाल्यांचं तं वेगळंच, तो आयसी मुळात गाडीच्या १२-१३ व्होल्टवर चालण्यासाठी केलेला, वाजताना १८ च्या वर द्यायचा नसतो, आणि लोक १२-०-१२ ची मधली वायर सोडून दोन टोकांवर ब्रिज लावतात, ३३ व्होल्ट होतात, आणि मग विचारतात धूर का निघाला. मधली वायर ग्राउंडला, दोन टोकांना एकेक डायोड, दोन्ही डायोडचे तोंड एकत्र, बस.

आता हम्मिंग. ह्यावर सगळ्यात जास्त डोकं जातं, आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त मजा पण ह्यातच आहे.

आधी वोल्यूम पूर्ण शून्य करा. हम्म तसाच राहिला तर तो वोल्यूम कंट्रोलच्या पुढून येतोय, म्हणजे सप्लाय, ग्राउंड किंवा बोर्ड. वोल्यूमबरोबर कमी-जास्त होतो तर मागून, म्हणजे इनपुट, पॅनल, टीव्ही, वायर. एवढ्या एका गोष्टीने अर्धा सेट बाजूला होतो. मग बोर्डाची इनपुटची वायर काढून इनपुट आणि ग्राउंड एका छोट्या तारेने जोडा, बोर्डावरच. हम्म गेला तर बोर्ड आणि सप्लाय निर्दोष, उगीच कंडेन्सर बदलू नका. हे मी इतकं सांगतो कारण हम्मिंग म्हटलं की जो तो एकच सल्ला देतो, फिल्टर मोठा टाक, ४७०० मायक्रोफॅरडचा आहे तर १०००० चा टाक. टाकतात लोक, आणि हम्म तिथेच.

कानाने पण ओळखता येतं. फिल्टर कमी पडतोय तर येणारा आवाज १०० हर्ट्झचा असतो, जरा खरबरीत, भुंग्यासारखा, कारण आपली लाईन ५० हर्ट्झची आणि पूर्ण ब्रिजनंतर ती दुप्पट होते. वायरीतून, ग्राउंडमधून घुसलेला हम्म ५० चा असतो, खोल, जमिनीतून आल्यासारखा. पण ब्रिजचा एक डायोड उघडा झाला किंवा ट्रान्सफॉर्मरचं एक टोक सुटलं तर अर्धीच लाट मिळते आणि सप्लायचा हम्म पण ५० चा होतो, म्हणून फक्त कानावर जाऊ नका, मीटर एसीवर ठेवून डीसीच्या दोन टोकांवर धरा (स्वस्त मीटर एसीवर डीसीचाही आकडा दाखवतं, म्हणून एका वायरीत मधे छोटा कंडेन्सर घाला), आवाज बंद असताना एसी जवळजवळ काहीच नको दिसायला.

वोल्यूमच्या लोखंडी अंगाला बोट लावा. हम्म कमी झाला तर त्या पॉटचं (वोल्यूमचा फिरवायचा कंट्रोल) अंग ग्राउंडला जोडलेलं नाही, एक तार टाकून द्या. नवीन बोर्ड प्लास्टिकच्या किंवा प्लायच्या डब्यात बसवणाऱ्यांना हे हमखास होतं, कंपनीच्या सेटमध्ये पत्रा असतो, तो हे काम करतो. पॉटपासून बोर्डापर्यंत शील्ड वायरच वापरा, आणि तिची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा जर दुसरीकडून ग्राउंड आधीच आलेलं असेल तर, नाहीतर दोन रस्ते होतात आणि त्या गोल रस्त्यात ट्रान्सफॉर्मर आपलं काम करतो. ट्रान्सफॉर्मर बोर्डाला चिकटून असेल तर त्याचे स्क्रू ढिले करून, सेट बंद करून, थोडा फिरवा, परत चालू करा, ऐका. मी एकदा नुसता काटकोनात फिरवून निम्मा हम्म घालवलाय, हसू येतं पण खरं आहे.

ग्राउंडची वायरिंग शेतातल्या पाटासारखी आहे. मोटरीचं पाणी आणि पिण्याचं पाणी एकाच पाटातून सोडलं तर पिण्याच्या पाण्यात गाळ येणारच. स्पीकरचा परतीचा करंट म्हणजे मोटरीचं पाणी, मोठा. इनपुटचं ग्राउंड म्हणजे प्यायचं. दोन फिल्टर कंडेन्सर जिथे मधे भेटतात तो बिंदू धरा आणि सगळ्या ग्राउंड तिथूनच वेगवेगळ्या न्या, स्पीकरच्या मायनसची वेगळी, प्रत्येक बोर्डाची वेगळी, पॅनलची वेगळी. एका बोर्डावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी उडी मारत नेऊ नका. दिसायला वायरींचं जंगल होतं, होऊ द्या.

आणि जर सेट एकटा असताना शांत, आणि टीव्हीला जोडला की हम्म, तर मग सेट उघडायचाच नाही. टीव्हीच्या मागची केबलची किंवा डिशची स्क्रूवाली पिन फिरवून काढा. हम्म थांबला? म्हणजे ग्राउंड लूप, ती केबल कुठून कुठून खांबावरून, गच्चीवरून आलेली असते, तिचं ग्राउंड वेगळं, तुमच्या घराचं वेगळं. ह्यावर उपाय म्हणजे गाडीच्या टेपला लावतात तो ग्राउंड लूप आयसोलेटर, किंवा टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर त्याच्यापुढे छोटा कन्व्हर्टर, ऑप्टिकलमध्ये तांबंच नाही तर लूप कुठून होणार. लॅपटॉपवरून गाणी लावताना गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बघा, तोच असतो. पण काही लोक हम्म घालवायला पिनचा जाड वरचा पाय कापून टाकतात, अर्थिंगचा, ते करू नका भो. पत्र्याच्या डब्यात प्रायमरीची वायर कधी टेकली तर तोच पाय वाचवतो. त्याच्या आधी घरात अर्थिंग आहे का ते तरी बघा, फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ दिसलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, तिथे चार बादल्या पाणी टाकलं की फरक दिसतो.

ब्लूटूथ पॅनलचं दुखणं वेगळं. किर्रर्र असा बारीक आवाज, गाणं बंद असताना टिक-टिक, पेन ड्राइव्ह लावला की वेगळी किरकिर. पॅनलमधल्या डिजिटल सर्किटचा करंट त्याच ग्राउंडच्या तारेतून परत जातो ज्या तारेतून ऑडिओ जातो, मग तो करंटच ऐकू येतो. खात्री करायची सोपी रीत, पॅनलची ५ व्होल्टची वायर काढा आणि पॅनल पॉवर बँकेवर चालवा, ऑडिओ जोडलेलाच ठेवा. किरकिर गेली? मग पॅनलला वेगळा सप्लाय द्या. एक छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर सगळ्यात चांगला, नाहीतर बी०५०५एस नावाचा चार पायांचा चिमुकला डबा मिळतो, ५ व्होल्ट आत ५ व्होल्ट बाहेर आणि मधे ग्राउंड तुटलेलं, पण तो १ वॅटचा आहे, २०० मिलिअँपिअरच्या वर मागितलं की दम टाकतो.

दुसरं, पॅनल मधेच आपोआप रिस्टार्ट होणं. बास वाजला की ती बाई बोलते, "द ब्लूटूथ डिव्हाइस इज रेडी टू पेअर". परत गाणं लावा, परत बास, परत बाई. आमच्या गल्लीत एका लग्नाच्या हळदीला पूर्ण संध्याकाळ ही बाईच बोलत होती. पॅनल खराब नसतं, बासच्या झटक्याला मेन सप्लाय बसतो आणि पॅनलचे ५ व्होल्ट क्षणभर पडतात, किंवा ७८०५ इतका तापतो की स्वतःच बंद होतो. १७ मधून ५ काढायचे म्हणजे १२ व्होल्ट त्याने पोटात घ्यायचे, २०० मिलिअँपिअरला २.४ वॅट नुसती उष्णता, आणि बाहेर जळगावची ४५ डिग्री. हीटसिंक लावाच, मायका विसरू नका, आता सांगायला नको, आणि ७८०५ च्या आधी एक डायोड आणि डायोडनंतर १००० चा कंडेन्सर टाका म्हणजे मेन सप्लाय बसला तरी पॅनलच्या वाट्याचं पाणी मागे वाहून जात नाही.

एकच बाजू वाजते, दुसरी नाही, तर काही विकत आणू नका, अदलाबदल करा. स्पीकर डावा-उजवा बदला. बंद असलेली बाजू स्पीकरबरोबर सरकली तर स्पीकर किंवा त्याची वायर. नाही सरकली तर इनपुटच्या दोन पिना बदला. बंद बाजू सरकली तर दोष मागे, टीव्हीत किंवा वायरीत, नाही सरकली तर बोर्डात. फिरवताना खर्रखर्र करणारा पॉट असेल तर आतला कार्बन झिजलाय किंवा धूळ आहे, आपल्याकडे कापसाच्या दिवसात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या सेटमध्ये अक्षरशः पांढरी लव बसलेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस वेळा फिरवा, सेट बंद ठेवून. पेट्रोल टाकणारे आहेत, चार दिवस चालतं मग आणखी खराब होतं, नवीन पॉट तीस-चाळीस रुपयाला आहे. फक्त बघून घ्या, पॉट ए असतो आणि बी असतो, वोल्यूमला ए पाहिजे, बी लावला तर सुरुवातीलाच एकदम आवाज वाढतो आणि पुढे फिरवून काही फरक पडत नाही.

आता मोठ्या बोर्डांकडे येतो, ५२००-१९४३ च्या जोड्या असलेले. इथे नियम एकच आणि तो मी मोडत नाही. रिपेअर झाल्यावर स्पीकर जोडायच्या आधी स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजायचं. ५० मिलिव्होल्टच्या आत, छान. १०० च्या वर, शंका घ्या. ३० व्होल्ट दिसले तर एक ट्रान्झिस्टर आरपार शॉर्ट आहे, आणि तिथे तुम्ही १२ इंची स्पीकर लावला असता तर कोन एकदम बाहेर येऊन तिथेच थांबला असता आणि कॉइलचा वास आला असता. ट्रान्झिस्टर तपासायला मीटर डायोडवर ठेवा, मधला पाय कलेक्टर आणि कडेचा एमिटर, दोन्ही दिशांनी बीप वाजला तर गेला. एक गेला की त्याची जोडी, त्याच्या पायातले ०.२२ किंवा ०.३३ चे सिमेंट रेझिस्टर आणि मागचा ड्रायव्हर पण बघा, एकट्याने सहसा मरत नाहीत. बदलल्यावर कलेक्टर आणि हीटसिंकमध्ये बीप वाजता कामा नये, मायका फाटलेला असतो कधी कधी, भोक पाडलेल्या कडेला अ‍ॅल्युमिनियमचा काटा राहिलेला असतो तो मायका टोचतो, मोठ्या ड्रिल बिटने हाताने दोन वेढे देऊन कड साफ करा. आणि बोर्डावर छोटा निळा प्रीसेट असेल तर त्याला फिरवू नका, तो आवाजाचा नाही, बायसचा आहे, म्हणजे गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणाऱ्या करंटचा, थोडा जास्त गेला की गाणं न लावताच हीटसिंक तव्यासारखा तापतो.

नकली मालाचं सगळ्यांना माहीत आहे, फार बोलत नाही. खऱ्या ५२०० चा जो भाव आहे त्याच्या एक तृतीयांशात मिळतोय तर आत काय असणार. मी एकदा कुठून तरी ऑनलाइन स्वस्तात दहा मागवले, सहा पहिल्याच दिवशी गेले. रिपेअर करणारे जिथून घेतात तिथूनच घ्या, मग जळगाव असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

स्पीकर पण तपासा, सगळा दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नसतो. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.६ च्या आसपास दाखवतो, ८ चा ६ ते ७. दोन ४ ओहमचे पॅरललमध्ये लावले की २ ओहम झाले, आणि २०३० काय, बऱ्याच बोर्डांना २ ओहम झेपत नाही, तापून बंद होतात, थंड झाले की परत चालू, लोकांना वाटतं भूत आहे. कोनवर दोन्ही तळवे सारखे ठेवून हळूच दाबा, खरखर जाणवली तर कॉइल घासतेय. सबवूफर आणि साईडचे एकत्र लावल्यावर बास कमी झाला तर एकाची वायर उलटी आहे, पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे, सगळ्यांचा सारखा.

आणि पावसाळ्यात आत बघताना पाल, मुंग्या, उंदराने कुरतडलेली वायर, हे हसण्यावारी नेऊ नका. आमच्या एका नातलगांकडे पारोळ्याला ब्रिजच्या दोन पायांवर पाल चिकटून वाळली होती, तो फॉल्ट मी दीड तास मीटरवर शोधत होतो, झाकण काढून बॅटरी मारून आधी नुसतं बघितलं असतं तर दोन मिनिटांत दिसली असती. हवेची भोकं बुजवू नका, पण आतून बारीक जाळी चिकटवा, डास अडवायची असते तीच.

सगळं झालं की लगेच झाकण लावू नका. दहा मिनिटं सिरीज बल्बवर, हळू आवाजात. मग थेट लाईनवर अर्ध्या वोल्यूमला तासभर, आणि बंद करून हीटसिंकला बोट लावा, पाच सेकंद ठेववत नसेल तर पंखा पाहिजे, कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा जुना पंखा चालतो, तो पॅनलच्या ५ व्होल्टवर लावू नका, वेगळा द्या नाहीतर त्याची घुरघुर परत स्पीकरमध्ये. मग झाकण. माझ्या डब्याला मागचे दोन स्क्रू लांब आहेत आणि पुढचे चार आखूड, आणि लांब स्क्रू पुढच्या भोकात गेला की त्याचं टोक नेमकं पॅनलच्या बोर्डाला टेकतं. म्हणून ते दोन मी लाल नेलपॉलिश लावून ठेवलेत, बायकोची बाटली अजून माझ्याच डब्यात आहे.